कडी आतून लावा: अपंगत्वासोबतचा संसार

रात्री तीनला गजर वाजला. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अपघाताला सात महिने झाले होते. बायको उठली, माझ्या कमरेखाली हात घातला, वळवलं, गुडघ्यांच्या मध्ये उशी सारली. मी सवयीनं म्हणालो, "थँक्यू." ती पलंगाच्या काठावर बसली आणि रडायला लागली. "थँक्यू काय म्हणताय ओ? मी काय दवाखान्यातली सिस्टर हाय? दमलो मी." (कोल्हापूरच्या बायका 'दमलो, जातो, करतो' असंच बोलतात. छपाईची चूक नव्हे.)

लग्न २००९ चं. २०१३ मध्ये पन्हाळा रस्त्याला अंधारात उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर माझी मोटारसायकल आदळली. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. मज्जारज्जूला डी-१२ पातळीवर, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्यापाशी, इजा झाली आणि कमरेखालचं सगळं गेलं. पोरगी तेव्हा दोन वर्षांची होती. पाय गेल्याचं दुःख मी रोज मोजत होतो. आमचं नवराबायकोपण जातंय, हे त्या रात्री तीनला कळलं.

पुढं बारा वर्षांत आमच्यासारखी पाचपंचवीस घरं आतून बघितली. कुठं एक अपंग, कुठं दोघंही. ८० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या घरात खळखळून हसणं ऐकलं आणि ४० टक्केवाल्यांच्या घरात आठवडाभराचा अबोलाही बघितला. माझं मत असं झालंय की संसार बिघडतो तो सेवा संसाराला गिळते तेव्हा. एकजण कायम देणारा, दुसरा कायम घेणारा, अशी वाटणी झाली की देणारा चिडतो आणि घेणारा मिंधा होतो. खालच्या पायऱ्या ही वाटणी मोडायच्या आहेत. क्रमानं केल्या तर बरं, कारण पहिली झाल्याशिवाय पाचवी जमत नाही. (सरकारी कागदावर मी दिव्यांग, पेठेत 'ते खुर्चीवाले'. मला अपंग शब्द चालतो, म्हणून दोन्ही वापरतोय.)

पायरी १: आठवडाभर वही लिहा

शंभर पानी वही घ्या. दोन रकाने पाडा: काम काय, केलं कुणी. सोमवार ते रविवार घरातलं प्रत्येक काम लिहा. भांडी, दूध, गॅसचा नंबर लावणं, शाळेची फी, आईच्या बीपीची गोळी, लघवीची पिशवी रिकामी करणं, खुर्चीच्या चाकात हवा भरणं. आणि 'लक्षात ठेवणं' हे काम म्हणूनच लिहा. कॅथेटर (लघवी काढायच्या नळ्या) संपत आलेत, परवा फिजिओथेरपीला जायचंय, गादीला घासून कुठं लाल झालंय का, हे सगळं एकाच डोक्यात फिरत असतं आणि ते कुणाला दिसत नाही.

आमच्या पहिल्या आठवड्यात तिच्या नावावर ४१ कामं निघाली, माझ्या नावावर ३. त्यातलं एक पेपर वाचणं होतं, ते मीच भीड चेपून लिहिलं होतं.

मग वाटणी. इथं लोक चुकतात ते असं, की अपंग माणसाला काय जमत नाही यापासून सुरुवात करतात. मला पाय नव्हते, पण हात होते, डोकं होतं आणि दिवसभर बैठक होती. भाजी चिरणं, लसूण सोलणं, इस्त्री, वीजबिल, पोरीचा अभ्यास, नातेवाइकांचे फोन आणि औषधांचा साठा माझ्याकडं आला. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी होते, तेव्हा संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्यांची देठं खुडायला मीच बसतो. फक्त एक सांभाळा: संवेदना नसेल तर गरम भांडं मांडीवर घेऊ नका. चहाचा कप मांडीत धरून मी खुर्ची ढकलत गेलो होतो. भाजलेलं कळलं ते संध्याकाळी, फोड दिसल्यावर.

जोडीदार अंध असेल तर स्वयंपाक, धुणं, हिशेब सगळं वाट्याला येऊ शकतं, अट एवढीच की डबे आणि खुर्च्या जागच्या हलवायच्या नाहीत. हलवलं तर सांगायचं. मानसिक आजार असेल तर वाटणी दोन प्रकारची करा, बऱ्या दिवसांची आणि वाईट दिवसांची, आणि ती बऱ्या दिवशीच ठरवून ठेवा.

तीन महिन्यांनी वही पुन्हा लिहा. आमची २६ आणि १७ झाली. बरोबरी कधीच झाली नाही, पण तिला ते आकडे बघून जे वाटलं ते बरोबरीपेक्षा कमी नव्हतं.

पायरी २: देहाची सेवा जोडीदाराच्या हातून जितकी काढता येईल तितकी काढा

पहिले दीड वर्ष माझा कॅथेटर बायको घालायची. दर चार ते सहा तासांनी. मला शिकायची लाज वाटत होती, खरं तर शिकलं म्हणजे 'हे कायमचं आहे' हे मान्य करावं लागणार होतं. शेवटी एका फिजिओथेरपिस्टनं आरसा हातात दिला आणि तीन आठवड्यांत मी शिकलो. हात साबणानं धुवायचे, जागा पुसायची, हळू सरकवायचं, पूर्ण रिकामं होऊ द्यायचं. तुमच्या मणक्याची इजा माझ्यासारखीच असेल आणि हात चालत असतील, तर हे तुम्हालाही जमण्यासारखं आहे. तज्ज्ञाकडून शिका. आमच्या संसाराला सगळ्यात मोठा दिलासा कशानं मिळाला म्हणाल तर यानं. तिला सिनेमाला जाता आलं. माहेरी दोन रात्री राहता आलं.

जे स्वतःला जमणार नाही त्यासाठी तिसरा माणूस आणा. सकाळी दोन तास येणारी मावशी किंवा अंघोळ घालणारा पोरगा. पैशाची ओढाताण असतेच, पण घरात जिथं काटकसर करताय तिथं हा खर्च शेवटी कापा.

आणि सेवेला वेळ बांधून द्या. आमच्याकडं रात्री नऊनंतर कॅथेटरचा डबा, मलम, कापूस सगळं पलंगाखालच्या पेटीत जातं. नजरेसमोर राहत नाही. शौच झालं का, लघवीला वास येतोय का, हे विषय अंथरुणावर निघत नाहीत. ताप, थंडी वाजणं, अचानक डोकं फुटल्यासारखं दुखणं याला अर्थातच सूट आहे. इजा डी-६ ला किंवा त्याच्या वर असेल तर लघवी तुंबली किंवा पोट साफ नसलं तरी रक्तदाब एकदम चढू शकतो. अशा वेळी माणसाला बसतं करा, कपडे सैल करा, लघवीची वाट मोकळी करा आणि दवाखाना गाठा.

रात्रीच्या गजराचं काय? हवेची गादी आणली आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं, रोज सकाळी कातडी आरशात बघत, अंतर हळूहळू वाढवलं. सहा महिन्यांत ती सलग पाच तास झोपायला लागली. झोप न झालेल्या माणसाकडून प्रेमाची अपेक्षा करू नका.

पायरी ३: घर बदला, निदान चार जागी

पेठेतल्या जुन्या घरांना उंच उंबरा, अरुंद जिना आणि मागच्या बाजूला बाथरूम. आमचंही तसंच. उतार काढताना १ इंच उंचीला १२ इंच लांबी हे गणित धरा. आमची पायरी ७ इंचांची, म्हणून उतार ७ फुटांचा झाला. गवंडी तीन फुटांत बसवून देतो म्हणाला होता. तसल्या उतारावरून खुर्ची मागं उलटते. बाथरूमचं दार २४ इंचांचं होतं, ३२ केलं. कमोड साधारण १८ इंच उंच, म्हणजे खुर्चीच्या बैठकीच्या बरोबरीला. आधाराचा दांडा भिंतीत बोल्ट मारून बसवा, टाइलवर चिकटवलेला नको. स्वयंपाकाच्या ओट्याचा एक तुकडा खाली मोकळा ठेवला की खुर्ची आत जाते.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. अर्ज करा. पहिल्या फेरीत 'साहेब नाहीत' ऐकायची तयारी ठेवा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पायरी ४: भांडायचे नियम करा

भांडणं व्हायलाच पाहिजेत. अपंग नवऱ्यावर कसं ओरडायचं म्हणून गप्प बसलेली बायको, किंवा उपकाराखाली दबून कधीच चिडत नाही असा नवरा, दोन्ही घरं मी आतून कुजलेली बघितली आहेत. पण आमचे तीन नियम आहेत.

पलंगावरून खुर्चीत किंवा खुर्चीतून कमोडवर सरकताना भांडायचं नाही. माणूस हातात असतो.

भांडण अर्धवट टाकून चालणारा निघून गेला तर न चालणाऱ्यानं काय करायचं? म्हणून खोलीतून जायचं तर जा, पण खुर्ची, पाणी आणि मोबाइल माझ्या हाताला लागेल असं ठेवून जा. कानाचं यंत्र, पांढरी काठी, कुबडी, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) यांनाही हाच नियम. रागात ते लांब ठेवणं हा मार आहे, आवाज न करणारा.

तिसरा, 'तुझ्यासाठी मी' आणि 'माझ्यामुळं तुझं' ही दोन वाक्यं बंद. चुकून तोंडून गेली तर गेली, दुसऱ्यानं फक्त वहीकडं बोट दाखवायचं.

याशिवाय रविवारी सकाळी मिसळ आणून अर्धा तास बोलतो. पैसे, पोरगी, पुढचा आठवडा. कटाची वाटी समोर असली की आवाज चढत नाही, हा आपला अनुभव. ऐकू न येणाऱ्या जोडप्यानं लक्षात ठेवायचं ते वेगळंच: दिवा मालवला की संभाषण संपतं. झीरोचा बल्ब चालू ठेवा, नाहीतर दिवसातली सगळ्यात निवांत वेळ मुकी जाते.

पायरी ५: कडी

अपघातानंतर आमच्या खोलीचं दार उघडंच राहायला लागलं. रात्री हाक मारली तर आईला ऐकू यावी म्हणून. आईचं काही चुकलं नव्हतं. पण दोन वर्षं उलटली तरी दार उघडंच. आई चहा घेऊन यायची, चुलता पेपर मागायला यायचा, शेजारच्या काकू 'कसं हाय आता?' विचारायला थेट पलंगापाशी. आजारी माणसाच्या खोलीला दार नसतं, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

एका शनिवारी सुतार बोलावला. जुनी कडी पाच फुटांवर होती, मला खुर्चीवरून लागत नव्हती. त्याला म्हटलं, तीन फुटांवर बसव. त्यानं पेन्सिलनं खूण केली, माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि मुकाट्यानं ड्रिल चालवलं. पितळी कडी, सत्तर रुपयांची. बसवून झाल्यावर आई म्हणाली, "ह्याला काय लागलं तर?" बायको म्हणाली, "मी हाय की आत." आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दारावर टकटक करायला लागली.

शरीरसंबंधावर मराठीत कुणी सरळ बोलत नाही, म्हणून सरळ लिहितो. पोलिओमध्ये स्नायू जातात, स्पर्श जात नाही. लैंगिक क्षमता आणि मूल होण्याची क्षमता शाबूत असते, आणि पोलिओ आईबापाकडून मुलाला वारशानं जात नाही. मज्जारज्जूच्या इजेत स्पर्श आणि ताठरता यांत फरक पडतो, किती ते इजा कुठं आणि किती यावर ठरतं. गोळ्या, इतर उपाय आहेत, पण मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ताठरतेची गोळी जिवावर बेतू शकते. युरोलॉजिस्टला स्पष्ट विचारा. तो संकोचला तर डॉक्टर बदला.

आमच्या कामी आलेल्या गोष्टी: आधी मूत्राशय रिकामं करणं. घाई न करणं. मान, कान, दंड, जिथं संवेदना शाबूत आहे तिथं पुन्हा नव्यानं शोधणं. उशांचा आधार. नंतर कातडी बघणं, घासलंय का. पहिल्यांदा फजितीच झाली, पिशवीची नळी निघाली आणि चादर भिजली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हसायला लागली, आणि बघता बघता मीही. प्लॅस्टिकचं कापड चादरीखाली घाला, एवढाच त्यातून घेतलेला धडा.

मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून मिळू शकते. स्पायना बिफिडा (जन्मतः मणका नीट न जुळण्याचा दोष) असलेल्यांना लॅटेक्सची, म्हणजे रबराची, ॲलर्जी असण्याची शक्यता बरीच असते, त्यांनी निरोध बिगर-लॅटेक्सचा घ्यावा.

पायरी ६: मूल हवं का, हे दोघांनीच ठरवा

मज्जारज्जूची इजा झालेल्या स्त्रीची पाळी काही महिने थांबू शकते, पण परत येते आणि ती आई होऊ शकते. म्हणून मूल नको असेल तर काळजी घ्यावी लागते. बऱ्याच गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो, आणि हालचाल कमी असलेल्या बाईनं तर त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. पुरुषाला अडचण असेल तर वीर्य मिळवायच्या वैद्यकीय पद्धती आहेत. आजार आनुवंशिक असेल तर लग्नानंतर घाबरत बसण्यापेक्षा आधीच जनुकीय सल्ला घ्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १०, प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याचा हक्क देतं आणि संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता काढून घ्यायला मनाई करतं. दिव्यांग स्त्रीच्या मर्जीविरुद्ध गर्भपात केला तर कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. गंभीर अपंगत्वात डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती असा अपवाद तेवढा आहे. सासरी 'राहू दे की, कशाला ताप' म्हणून परस्पर डॉक्टर गाठणारे लोक असतात, त्यांना हे कलम वाचून दाखवा.

पायरी ७: पैसा दोघांच्या नावानं

दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आधी काढा. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून तपासणी सरकारी रुग्णालयात होते. कोल्हापुरात लोक सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, जातात. ४० टक्क्यांपासून बहुतेक सवलती सुरू होतात. एसटीत दिव्यांगाला भाड्यात ७५ टक्के सूट आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात.

दिव्यांग आणि अव्यंग यांच्या विवाहासाठी प्रोत्साहन अनुदान महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. जिल्हा परिषदेत चौकशी करा. पण अनुदानाकडं बघून जमलेली लग्नं मी बघितली आहेत, त्यातली दोन वर्षभरात मोडली. लग्न ठरवत असाल तर एक पूर्ण दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, एकमेकांच्या घरी काढा. डॉक्टरांची फाइल समोर ठेवा. तासाभराच्या चहापोह्यात कुणालाच काही कळत नाही.

भरपाई, पेन्शन, पगार जे काय येतं ते दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यात जाऊ द्या. त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणं खातं चालवणं, मालमत्ता बाळगणं हा हक्क आहे. घर दोघांच्या नावावर करा, नॉमिनी भरा. मी भरपाईचे पैसे वर्षभर थोरल्या भावाच्या खात्यात ठेवले होते. भाऊ सज्जन, एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही. पण पोरीला सायकल घ्यायची तर भावाला विचारायचं, हे बायकोला जे लागलं ते अजून निघालेलं नाही.

पायरी ८: कधी बाहेरची मदत घ्यायची

मारहाण, औषध किंवा जेवण अडवणं, कोंडून ठेवणं, पेन्शन काढून घेणं: यात समजूत घालत बसू नका. ११२ ला फोन करा, बायकांसाठी १८१ आहे. बायकांना २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू होतो. २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ खाली दिव्यांग पुरुषही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं तक्रार करू शकतो. पुरुष हे करत नाहीत, लाज आडवी येते.

मन खचलं असेल, कुणाचंही, सेवा करणाऱ्याचं सुद्धा, तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.

आणि आपल्यासारखे लोक भेटा. कोल्हापूरला यात नशीब चांगलं लाभलंय. नसीमा हुरजूक या स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या बाईंनी १९८४ मध्ये इथं हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, त्यामुळं खुर्चीवर बसून नोकरी, लग्न, पोरंबाळं करणारी माणसं या शहराला नवीन नाहीत. नवराबायको दोघंही जा. तिला तिच्यासारख्या बायकांशी बोलायला मिळालं पाहिजे, तुम्ही समोर नसताना.

पायरी ९: चारचौघांत जा

ही सगळ्यात शेवटी ठेवली, कारण घरातलं सावरल्याशिवाय बाहेरचं झेपत नाही. लग्नकार्यात बायकोला ऐकायला मिळतं, "तू म्हणून राहिलीस बाई, दुसरी असती तर गेली असती." ऐकणारा नवरा शेजारीच बसलेला असतो. या वाक्याला हसून मान डोलावू नका. आमची ही म्हणते, "भांडायला दुसरा कोण मिळंल मला?" आणि विषय बदलते. माझ्याकडं असं हजरजबाबी काही नाही, मी नुसता बघत राहतो. तेही चालतं.

स्कूटरला बाजूची दोन चाकं लावून, हातानं चालेल असा बदल करून घेतला आणि आरटीओत तशी नोंद केली. आता मी चालवतो, ती मागं बसते. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळेच्या गाडीवर थांबलो की गाडीवाला नेहमी तिच्याकडं बघून विचारायचा, "साहेबांना तिखट चालतंय का?" पहिल्या वेळी तिनं उत्तर दिलं. दुसऱ्या वेळी म्हणाली, "त्यांनाच इचारा की, इथंच हायत."

त्यानं वळून मला विचारलं.

"जरा जादाच टाका," म्हटलं.